पदवीच्या अटी आणि प्रयोगशाळेचा तास

परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यात, पूर्णा जंक्शन आणि नांदेड यांना जोडणाऱ्या लोहमार्गावर, चुडावा हे गाव आहे. बारावीची विज्ञान शाखेची परीक्षा उत्तीर्ण होऊन या गावातल्या ज्या मुलाला वा मुलीला पुढेही विज्ञानच शिकावयाचे असेल, आणि वैद्यक वा अभियांत्रिकीची वाट ज्यांनी धरलेली नसेल, त्यांच्यापुढे मुख्यतः दोन दरवाजे उघडे असतात : एक नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचा, म्हणजे व्यवहारात त्या विद्यापीठाशी संलग्न असलेल्या पूर्णा, परभणी किंवा नांदेड येथील एखाद्या महाविद्यालयाचा, आणि दुसरा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा. दोन्ही दरवाजांतून बाहेर पडणारा विद्यार्थी आपल्या नावापुढे बी.एस्सी. हीच अक्षरे लावतो. परंतु ती लावण्याचा अधिकार ज्या अटींच्या पूर्ततेने प्राप्त होतो त्या अटी, त्यांची भाषा आणि त्यांमागची शिक्षणदृष्टी ही दोन्हीकडे इतकी भिन्न आहेत की, एकाच जिल्ह्यात विज्ञानाच्या पदवीच्या दोन स्वतंत्र कल्पना शेजारी शेजारी नांदत आहेत असे म्हणावयास हरकत नाही.

प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्याच्या हाती माहितीपुस्तिका पडते, नियमपुस्तक सहसा पडत नाही. आणि पुढची तीन-चार वर्षे तो ज्या अटींच्या अंमलाखाली काढतो त्यांची पुष्कळदा त्याला ओळख होते ती अट मोडल्यावर, म्हणजे हजेरी कमी भरली म्हणून परीक्षेचा अर्ज अडला, किंवा एका विषयाचे श्रेयांक जमा नाहीत म्हणून निकाल राखून ठेवला गेला, अशा वेळी. म्हणून या अटी कोण घालतो, त्या कोणत्या वाटेने इथवर आल्या, आज त्या विद्यार्थ्याकडून नेमके काय मागतात, आणि त्यांपैकी कोणत्या अटीवर या पदवीचे विज्ञानाची पदवी असणे अवलंबून आहे, या चार प्रश्नांचा येथे क्रमाने विचार करावयाचा आहे.

अटी घालणारे हात

पदवी देण्याचा अधिकार कायद्याने मिळतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या अधिनियमातील २२ वे कलम पदवी कोणी द्यावी हे सांगते, आणि त्याच अधिनियमाच्या आधाराने आयोग किमान दर्जाचे विनियम काढतो. पहिली पदवी तीन वर्षांच्या अभ्यासक्रमानंतरच मिळावी हा दंडक १९८५ च्या विनियमांनी पक्का केला. वर्षाकाठी किमान १८० दिवस अध्यापन व्हावे आणि हजेरीची मर्यादा सामान्यतः ७५ टक्क्यांहून खाली नसावी, हे २००३ च्या विनियमांनी सांगितले. केंद्राच्या या चौकटीखाली राज्याचा कायदा येतो. महाराष्ट्रात १९७४ आणि १९९४ या सालांच्या विद्यापीठ कायद्यांनंतर आता महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ हा १ मार्च २०१७ पासून अमलात आहे. त्याखाली प्रत्येक विद्यापीठाचे स्वतःचे परिनियम, अध्यादेश आणि विनियम असतात. अभ्यासमंडळ अभ्यासक्रमाची शिफारस करते, विद्याशाखा तिच्यावर विचार करते आणि विद्यापरिषद तिला मंजुरी देते. संलग्न महाविद्यालयातील प्राध्यापक या मंडळांवर असतात खरे, तथापि एखाद्या विशिष्ट महाविद्यालयाला, ते स्वायत्त नसेल तर, आपल्या विद्यार्थ्यांसाठी एकही अट स्वतः बदलता येत नाही.

या उतरंडीत शेवटचा शब्द कोणाचा, हा एरवी केवळ शास्त्रार्थाचा वाटणारा प्रश्न २०२० साली अकस्मात लक्षावधी घरांत जाऊन पोचला. साथीच्या त्या वर्षी महाराष्ट्र शासनाने अंतिम वर्षाच्या परीक्षा न घेता पूर्वीच्या गुणांवरून निकाल लावण्याचे ठरविले. आयोगाने ६ जुलैच्या मार्गदर्शक सूचनांनी ३० सप्टेंबरपर्यंत परीक्षा घेण्यास फर्माविले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २८ ऑगस्ट २०२० रोजी न्यायालयाने निर्णय दिला. आपत्तीच्या काळात परीक्षेची मुदत पुढे ढकलण्याचा अधिकार राज्याला आहे, परंतु परीक्षेवाचून विद्यार्थ्याला उत्तीर्ण करण्याचा अधिकार त्याला नाही, असा त्या निर्णयाचा सारांश होता. तारीख राज्याची आणि अट केंद्राची, अशी ही वाटणी झाली. आणि पदवीच्या अटींचा गुरुत्वमध्य विद्यापीठाच्या आवारातून किती दूर सरकला आहे हेही त्या निमित्ताने उघड झाले.

लंडन, हैदराबाद, औरंगाबाद

या अटींचा मूळ साचा लंडनचा आहे. लंडन विद्यापीठ हे त्या काळी परीक्षा घेणारे विद्यापीठ होते, अध्यापन करणारे नव्हते; आणि १८ जुलै १८५७ रोजी स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाने तोच नमुना उचलला. रानडे आणि भांडारकर ज्या पहिल्या तुकडीत १८६२ साली पदवीधर झाले त्या तुकडीच्या काळी विज्ञानाला निराळी पदवी नव्हती, लंडनने बी.एस्सी.ची पदवी १८६० मध्ये सुरू केली, आणि मुंबईत ती १८८० च्या सुमारास आली. शिकवावे महाविद्यालयाने आणि पारखावे विद्यापीठाने, या विभागणीतून पदवीचा सारा भार वर्षाअखेरच्या लेखी परीक्षेवर पडला, आणि जो शिकवितो त्याच्यावर आपल्याच विद्यार्थ्याच्या मूल्यमापनाच्या बाबतीत विश्वास टाकावयाचा नाही, हा संकेत आपल्या नियमपुस्तकांच्या पायात जाऊन बसला. १९०४ च्या कायद्याने विद्यापीठांना स्वतः अध्यापन करण्याची मुभा दिली आणि १९२० मध्ये मुंबईत रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स उघडले, तरी संलग्न महाविद्यालयांपुरता हा संकेत अबाधित राहिला.

मराठवाड्याची वाट मात्र वेगळी होती, कारण हा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता. हैदराबादचे निजाम कॉलेज मद्रास विद्यापीठाशी संलग्न होते, आणि १९१८ मध्ये फर्मानाने स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने त्याहून धाडसाचा प्रयोग मांडला : विज्ञानासह सर्व विषयांचे उच्च शिक्षण उर्दूतून. त्यासाठी दार-उल-तर्जुमा हे भाषांतराचे खाते उभारण्यात आले आणि रसायन, पदार्थविज्ञान, गणित यांचे ग्रंथ उर्दूत उतरविले गेले. पदवीच्या अटींमध्ये इंग्रजी ही भाषा सक्तीची होती, तसेच मुसलमान विद्यार्थ्यांना दीनियात, म्हणजे धर्मशिक्षण, आणि इतरांना अखलाकियात, म्हणजे नीतिशास्त्र, हेही अनिवार्य होते. देशी भाषेतून विज्ञान ही कल्पना थोर होती. परंतु परभणी-नांदेडकडच्या मराठी मुलाच्या दृष्टीने घरची भाषा एक, शिकण्याची दुसरी आणि सक्तीची तिसरी, असा तो तिहेरी भार होता, आणि ज्यांना परवडे ते पुण्या-मुंबईस निघून जात.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाचा अंमल संपल्यानंतर चित्र पालटले. १९५० मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेने पीपल्स कॉलेज आणि औरंगाबादला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय उभे राहिले; १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला; आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. पहिले कुलगुरू झाले सुंदरराव डोंगरकेरी, ज्यांनी मुंबई विद्यापीठाचे कुलसचिव म्हणून त्याचे दफ्तर दीर्घकाळ सांभाळले होते. नव्या विद्यापीठाच्या नियमांवर मुंबईची छाया पडली यात म्हणून नवल नाही. मात्र तिच्यामुळे उस्मानियाचा सारा प्रयोग, त्याच्या गुणांसह, एका पिढीत विस्मृतीत गेला. पुढे कोठारी आयोगाच्या शिफारशीनुसार दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध आला, १९७७ मध्ये बारावीची पहिली परीक्षा झाली, आणि पी.यू.सी. व इंटर सायन्स या पायऱ्या मोडीत निघून पदवी तीन वर्षांची झाली. १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिदिनाच्या तारखेस, नांदेडचे विद्यापीठ वेगळे झाले. नांदेड, लातूर व परभणी, आणि १९९९ मध्ये परभणीतून वेगळा निघालेला हिंगोली, हे आज त्याचे कार्यक्षेत्र आहे. चुडाव्याच्या विद्यार्थ्याचे विद्यापीठ त्या दिवशी औरंगाबादेहून रेल्वेच्या काही स्थानकांच्या अंतरावर आले, ही त्याच्या दृष्टीने कोणत्याही नियमबदलाहून मोठी घटना होती.

तीन विषयांची पदवी

मराठवाड्यातील बी.एस्सी.चा एक विशेष बाहेर फारसा ठाऊक नाही. पुण्यात विद्यार्थी प्रथम वर्षाला चार विषयांनी प्रारंभ करी, द्वितीय वर्षाला तीन ठेवी आणि तृतीय वर्षाला एकाच विषयाचा विशेष अभ्यास करी. मुंबईतही शेवटच्या वर्षी भर बहुधा एकाच विषयावर असे. मराठवाड्यात मात्र तीन ऐच्छिक विषय तिन्ही वर्षे समान वजनाने चालत. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हा एक गट, आणि रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र हा दुसरा. त्यांच्या भोवती सूक्ष्मजीवशास्त्र, संगणकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, मत्स्यशास्त्र अशी वर्षानुवर्षे वाढत गेलेली जोड. इंग्रजी आणि मराठी, हिंदी, उर्दू यांसारखी एखादी दुसरी भाषा या विज्ञानाच्या विद्यार्थ्यालाही प्रारंभीच्या वर्षांत सोडता येत नसे.

या पद्धतीवर आक्षेप असा घेतला जाई की, असा पदवीधर तीन विषयांत जुजबी आणि एकातही पारंगत नसतो, आणि पुण्या-मुंबईच्या विशेष विषयाच्या विद्यार्थ्याशी एम.एस्सी.च्या प्रवेशात त्याची स्पर्धा विषम होते. हा आक्षेप निराधार नाही. परंतु या विभागातील पदवीधराची पुढची वाट पाहिली, बी.एड. करून शाळेत विज्ञान शिकविणे, स्पर्धा परीक्षा, औषध वा खत कंपनीतील नोकरी, तर तिन्ही विषयांची मुळाक्षरे ठाऊक असणे ही त्याची खरी पुंजी ठरत असे, हेही तितकेच सत्य आहे. माध्यमिक शाळेत एकाच शिक्षकाला प्रकाशाचे परावर्तन, आम्ल-आम्लारी आणि पेशीविभाजन हे तिन्ही शिकवावे लागते. त्याला एकाच विषयातील पारंगतता फारशी उपयोगी पडत नाही. पदवीची अट पदवीनंतरच्या आयुष्याकडे पाहून घालावी की पदवीच्या वरच्या पदवीकडे पाहून, हा या प्रकरणातील मूळ वाद आहे, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तो दुसऱ्या बाजूने निकालात काढला.

हजेरी, टर्म आणि एटीकेटी

विद्यार्थ्याच्या तोंडी असलेले नियम थोडेच. त्यांतला पहिला हजेरीचा. ७५ टक्के हजेरी भरली नाही तर टर्म मंजूर होत नाही आणि परीक्षेला बसता येत नाही, हे प्रत्येक महाविद्यालयाच्या फलकावर लिहिलेले असते. आजारपण वा तत्सम कारणाने काही टक्के माफ करण्याची सवलत नियमांतच असते, आणि व्यवहारात ती इतक्या मुक्तहस्ताने दिली जाते की, अट आणि सवलत यांतले मूळ कोणते हे सांगणे कठीण व्हावे. हा केवळ शैथिल्याचा परिणाम आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. पावसाळ्याच्या प्रारंभी सुरू होऊन दिवाळीच्या आगेमागे संपणारे पहिले सत्र हे पूर्णा तालुक्यात खरिपाचेही सत्र असते. सोयाबीनची काढणी आणि सत्राअखेरची परीक्षा यांची तोंडे पुष्कळदा समोरासमोर येतात, आणि घरची चार एकर जमीन ज्याच्या हातावर आहे त्या मुलाची गैरहजेरी ही नियमाच्या दृष्टीने शहरातल्या आळशी मुलाच्या गैरहजेरीहून भिन्न नसते. गाडीने ये-जा करणाऱ्याचा पहिला तास गाडीच्या वेळापत्रकावर अवलंबून असतो. नियम एकच असावा हे न्याय्य आहे. परंतु वेळापत्रक आखताना प्रात्यक्षिके दुपारच्या सलग तासांत घालणे, किंवा बाहेरगावच्या विद्यार्थ्यांची तुकडी वेगळी करणे, ही बाब नियमाच्या कक्षेबाहेरची आणि प्राचार्यांच्या हातची आहे, आणि हजेरीचा प्रश्न बव्हंशी तेथेच सुटतो किंवा अडतो.

दुसरा नियम एटीकेटीचा. काही विषयांत नापास झालेल्या विद्यार्थ्याला, ते विषय पुढे उत्तीर्ण होण्याच्या अटीवर, वरच्या वर्गात बसू देण्याची ही मुभा महाराष्ट्रातील विद्यापीठीय जीवनात इतकी रुजली आहे की तिच्या नावाची आद्याक्षरे हाच आता मराठी शब्द झाला आहे. वर्षाच्या एकाच परीक्षेत नापास झाले की सारे वर्ष बुडे, त्या जुन्या वहिवाटीपेक्षा ही व्यवस्था निःसंशय दयाळू आहे. तिचा दोष एवढाच की, राहिलेल्या विषयांची थकबाकी अंतिम वर्षापर्यंत साचत जाते, आणि ज्या गणिताच्या पायावर दुसऱ्या वर्षाचे भौतिकशास्त्र उभे राहावयाचे ते गणित तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस घाईने उरकले जाते. कलाशाखेत असा क्रमभंग कदाचित खपून जाईल. विज्ञानात विषयांचा क्रम हा स्वतःच एक अट असतो, आणि एटीकेटीच्या नियमाला तो क्रम दिसत नाही.

तिसरा वर्ग बाहेरून येऊन दाखल झालेल्या अटींचा. पर्यावरणाचा विषय सर्व शाखांच्या पदवीला सक्तीचा झाला तो सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनी, आणि आयोगाने त्यासाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम तयार करून दिला. आता मूल्यशिक्षण आणि भारतीय ज्ञानपरंपरा हेही विषय आले आहेत. उस्मानियाच्या अखलाकियातचे स्मरण येथे झाल्यावाचून राहत नाही : जी पिढी ज्या गोष्टीची चिंता वाहते ती गोष्ट ती पदवीच्या अटींत घालते, आणि एकदा घातलेली अट काढण्यास सहसा कोणी धजत नाही. प्रत्येक भर स्वतंत्रपणे समर्थनीय असते. आठवड्याचे तास मात्र तेवढेच राहतात, आणि ते कोठून तरी काढावे लागतात.

श्रेयांकांचा हिशेब

वार्षिक परीक्षेची जागा सत्र परीक्षेने घेतली, आणि आयोगाच्या २०१५ च्या मार्गदर्शनानंतर निवडीवर आधारित श्रेयांक पद्धती सर्वत्र पसरली. गुणांच्या जागी 'ओ' पासून 'एफ' पर्यंतच्या श्रेणी आणि दहा अंकांचा मान आला. या साऱ्याची परिणती २९ जुलै २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात आणि त्यामागून आलेल्या आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात झाली. महाराष्ट्र शासनाने २० एप्रिल २०२३ च्या निर्णयाने त्याचा तपशील ठरविला आणि १३ मार्च २०२४ च्या निर्णयाने त्यात फेरफार केले. स्वायत्त संस्था आणि विद्यापीठ विभाग आधी आणि संलग्न महाविद्यालये मागून, असा अंमलाचा क्रम राहिला.

हिशेब असा आहे. प्रत्येक सत्राला २० ते २२ श्रेयांक. २२ धरले तर एका वर्षाचे ४४, दोन वर्षांचे ८८, तीन वर्षांचे १३२ आणि चार वर्षांचे १७६. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडणाऱ्याला प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी आणि चौथ्यानंतर ऑनर्स पदवी; पहिल्या दोन टप्प्यांवर बाहेर पडावयाचे तर चार श्रेयांकांचा व्यवसायाभिमुख भाग अधिक पूर्ण करावा लागतो. परत येण्याची मुदत तीन वर्षांची, आणि सारा अभ्यासक्रम सात वर्षांच्या आत संपवावयाचा. मिळविलेले श्रेयांक २०२१ पासून सुरू झालेल्या शैक्षणिक श्रेयांक पेढीत विद्यार्थ्याच्या नावे जमा राहतात. विषयांची मांडणी मुख्य विषय, गौण विषय, अन्य विद्याशाखेतील मुक्त ऐच्छिक विषय, कौशल्याचे विषय, भाषा-मूल्ये-ज्ञानपरंपरा, आणि कार्यप्रशिक्षण, क्षेत्रप्रकल्प वा समाजसंपर्क अशा सहा स्तंभांत केलेली आहे. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळविणाऱ्याला चौथे वर्ष संशोधनासह करता येते, आणि चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी मिळविणाऱ्याला २०२२ च्या विनियमांप्रमाणे थेट पीएच.डी.च्या प्रवेशास पात्र ठरता येते.

कागदावर ही रचना उदार आहे, आणि घरच्या अडचणीने एका वर्षातच शिक्षण सोडावे लागणाऱ्या मुलीच्या हाती पूर्वी जेथे काहीच पडत नसे तेथे आता निदान प्रमाणपत्र आणि जमा श्रेयांक पडतात, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु निवडीचे स्वातंत्र्य हे निवडण्याजोगे काही समोर असण्यावर अवलंबून असते. तालुक्याच्या महाविद्यालयात एका विषयाला जेवढे प्राध्यापक तेवढ्यांतच मुख्य, गौण, कौशल्य आणि प्रकल्प यांचे तास बसवावे लागतात. मुक्त ऐच्छिक विषयांची यादी लांबलचक असली तरी त्या वर्षी जो शिकविला जातो तोच सर्वांनी निवडावा लागतो. संशोधनासह चौथे वर्ष ज्या विभागात चालवावयाचे तेथे पीएच.डी.चे किमान दोन मान्यताप्राप्त मार्गदर्शक कायम सेवेत असावेत अशी आयोगाची अट आहे, आणि ती योग्यही आहे. पण तिचा व्यावहारिक अर्थ असा की, लहान गावच्या विद्यार्थ्याचे चौथे वर्ष मोठ्या शहरात व्हावयाचे, आणि तेथील खोलीचे भाडे हीच मग पदवीची कोणत्याही नियमपुस्तकात न छापलेली एक अट ठरावयाची.

श्रेयांकाच्या गणितातही एक गाठ आहे. आपल्याकडे व्याख्यानाचे १५ तास म्हणजे एक श्रेयांक आणि प्रात्यक्षिकाचे ३० तास म्हणजे एक श्रेयांक, असा शिरस्ता आहे. दुसरीकडे २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात वर्षाला १२०० तासांचे अध्ययन म्हणजे ४० श्रेयांक, अर्थात एका श्रेयांकाला ३० तास, असे धरले आहे. युरोपात बोलोन्या करारानंतर जी पद्धत रूढ झाली तीत वर्षाला ६० श्रेयांक आणि एका श्रेयांकाला २५ ते ३० तास धरतात, आणि त्यांत विद्यार्थ्याने ग्रंथालयात वा घरी केलेला अभ्यासही स्पष्टपणे मोजलेला असतो. तेथे मोजमाप विद्यार्थ्याच्या श्रमाचे आहे. आपल्याकडे व्यवहारात अध्यापकाच्या तासाचे राहिले. वर्गातल्या १५ तासांच्या जोडीला जे १५ तास विद्यार्थ्याने स्वतः वाचनात घालवावेत असे गृहीत आहे, त्यांसाठी पुस्तके कोठे आहेत, ती कोणत्या भाषेत आहेत, आणि बारावीपर्यंत बरेचसे मराठीतून समजून घेतलेले विज्ञान एकाएकी इंग्रजीतून वाचावे लागणाऱ्या मुलाला ते १५ तास पुरतील काय, हे प्रश्न श्रेयांकाच्या तक्त्यात मावत नाहीत.

परभणीचा दुसरा नमुना

याच जिल्ह्यात १८ मे १९७२ रोजी स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाची पदवी या साऱ्या घडामोडींच्या कितीतरी आधीपासून चार वर्षांची आहे, आणि सत्र, श्रेयांक व दहा अंकांचा मान या गोष्टी तेथे नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. भारतातील कृषी विद्यापीठे लंडनच्या परीक्षाप्रधान नमुन्यावर उभी राहिली नाहीत. अमेरिकेतील जमीन-अनुदान विद्यापीठांच्या धर्तीवर, शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही तिन्ही कामे एका छताखाली ठेवून ती उभारली गेली. त्यांचे अभ्यासक्रम भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या अधिष्ठाता समित्यांच्या शिफारशींनी ठरतात. त्या अभ्यासक्रमातील सर्वांत विलक्षण अट म्हणजे शेवटच्या वर्षातील ग्रामीण कृषी कार्यानुभव : एक सत्र विद्यार्थ्याने शेतकऱ्यांच्या सहवासात काढावयाचे, मातीचे नमुने घ्यावयाचे, बीजप्रक्रिया करून दाखवावयाची, आणि या कामाची नोंद व मूल्यमापन पदवीच्या गुणांत धरावयाचे. परभणी जिल्ह्यातील गावांना कृषिदूत आणि कृषिकन्या या नावांनी हे विद्यार्थी चांगलेच परिचित आहेत.

दोन नमुन्यांतील तुलना उद्बोधक आहे. नांदेडच्या विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत क्षेत्रप्रकल्प आणि कार्यप्रशिक्षण या अटी आता नव्याने आल्या आहेत. कृषी विद्यापीठात त्यांचा पूर्वावतार केव्हाच स्थिरावला, कारण तेथे त्या अटीमागे प्रक्षेत्र आहे, कृषी विज्ञान केंद्रे आहेत, गावांशी ठरलेला संबंध आहे, आणि त्या कामाला स्वतंत्र सत्र मोकळे करून दिलेले आहे. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला कार्यप्रशिक्षण करावयाचे तर चुडाव्याच्या आसपास साखर कारखान्याची प्रयोगशाळा, दूध संकलन केंद्र, माती परीक्षणाची सोय, पाणीपुरवठ्याचे शुद्धीकरण केंद्र अशी ठिकाणे शोधावी लागतील. आणि ती महाविद्यालयाने शोधून करार करून ठेवली नाहीत, तर ही अट ओळखीच्या दुकानदाराच्या दाखल्यावर भागविली जाईल, अशी रास्त भीती वाटते. अट तीच, तिच्या पाठीशी संस्था उभी असली तर ती शिक्षण ठरते, नसली तर कागद.

प्रयोगशाळेचा तास

या साऱ्या अटींतून एकच निवडावयाची झाली, जी काढून घेतल्यास उरलेली पदवी विज्ञानाची म्हणता येणार नाही, तर ती प्रात्यक्षिकाची होय. व्याख्यान ऐकण्याचे काम ग्रंथ करू शकतो, स्वयम्‌सारखे संकेतस्थळही करू शकते, आणि एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक त्या मार्गाने मिळविण्यास आयोगाने परवानगी दिली ती याच समजुतीवर. परंतु अनुमापनात रंग पालटण्याचा क्षण ओळखणे, सूक्ष्मदर्शकाखाली पातळ छेद बसविणे, तिसऱ्या वाचनाचा आकडा पहिल्या दोहोंशी जुळत नाही तेव्हा तो खोडण्याचा मोह आवरणे, या गोष्टी हातांनी आणि दुसऱ्या कोणाच्या तरी देखरेखीखालीच शिकाव्या लागतात. चुकलेले वाचन तसेच लिहून ठेवण्याची सवय ही विज्ञानाची खरी नीती आहे, आणि ती शिकविण्यास मूल्यशिक्षणाच्या कोणत्याही तासाहून प्रयोगवही अधिक समर्थ आहे.

नियमपुस्तकाचे वर्तन मात्र उलट आहे. प्रात्यक्षिकाच्या तासाला व्याख्यानाच्या तासाच्या निम्मा श्रेयांक मिळतो. प्रात्यक्षिकांचे गुण लेखी गुणांच्या मानाने इतक्या सढळ हाताने दिले जातात की, त्यांवरून कोणाची पारख होत नाही. आणि जर्नल प्रमाणित करण्याची जुनी कडक अट पुष्कळ ठिकाणी जुन्या जर्नलच्या नकलेने पुरी होते. २०२० मध्ये परीक्षा अनिवार्य ठरली तेव्हा लेखी परीक्षा कशी घ्यावी यावर देशभर वाद झाला, पण विज्ञानाची प्रात्यक्षिके दूरसंवादातून तोंडी प्रश्न विचारून आटोपली गेली त्याची कोणी फारशी दखल घेतली नाही. संकटकाळी दुसरा मार्ग नव्हता हे खरे. तथापि संकट सरल्यावरही त्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना राहिलेली प्रात्यक्षिके करून घेण्याची तजवीज सार्वत्रिकपणे झाली नाही, यावरून या अटीची किंमत आपल्या लेखी किती आहे ते समजते.

म्हणून या आढाव्याच्या अखेरीस तीन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली अशी की, हजेरीच्या ७५ टक्क्यांचा सरसकट आग्रह सोडून तो प्रात्यक्षिकांपुरता अधिक कडक आणि व्याख्यानांपुरता अधिक सैल करावा. सोयाबीनच्या काढणीत बुडालेले व्याख्यान वाचून भरून काढता येईल, बुडालेले प्रात्यक्षिक मात्र सत्र संपण्यापूर्वी करून घेण्याची जबाबदारी विद्यार्थ्याइतकीच महाविद्यालयाची मानावी. दुसरी अशी की, ज्या लहान महाविद्यालयांत उपकरणे अपुरी आहेत तेथील विद्यार्थ्यांना नांदेडच्या विद्यापीठ संकुलात किंवा परभणीतील सुसज्ज प्रयोगशाळांत सुट्टीच्या काळात सलग काही दिवस प्रात्यक्षिके करून ते श्रेयांक आपल्या पेढीत जमा करण्याची सोय असावी. श्रेयांकांच्या देवाणघेवाणीची जी यंत्रणा उभी राहिली आहे तिचा याहून उचित उपयोग दुसरा नाही, आणि एकाच जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना पदवी देणाऱ्या या दोन विद्यापीठांनी आपसांत करार केला तर शासनाच्या नव्या निर्णयाचीही त्यास फारशी गरज पडू नये. तिसरी अशी की, नवी अट घालताना ती पुरी करण्यास लागणारा प्राध्यापक, जागा आणि निधी यांचा उल्लेख त्याच ठरावात करण्याचा शिरस्ता विद्यापरिषदेने घालून घ्यावा, आणि तो उल्लेख नसेल तर ठराव नामंजूर व्हावा.

अटी वाढविणे सोपे आहे आणि शिथिल करणे त्याहून सोपे. कठीण आहे ते कोणती अट कोणाच्या बळावर पुरी व्हावयाची याचा हिशेब आधी मांडणे. विद्यार्थी आपल्या वाट्याचा हिशेब प्रत्येक सत्राअखेर देतोच. विद्यापीठ, शासन आणि आयोग यांनी आपल्या वाट्याचा तितक्याच नियमाने द्यावयास आरंभ केला, तर बी.एस्सी. ही अक्षरे पूर्ण्याच्या, परभणीच्या वा पुण्याच्या महाविद्यालयातून मिळाली तरी त्यांचे मोल सारखेच राहील, असे म्हणण्यास आधार मिळेल.